लाल दिवा

प्रयोगशाळेत सगळे तिला वहिनीच म्हणत. तिचा धाकटा दीर तिथंच कामाला होता आणि दिवसभर ‘वहिनी, वहिनी’ करत तिचं डोकं खायचा. तो सोलर सेल बनवायचा, ही तपासायची. सेलही साधे नव्हेत, प्लॅस्टिकवर सेंद्रिय रंगाचा थर दिलेले, कागदासारखे गुंडाळता येणारे. त्यांतली वीज गोळा करायला वर ग्राफीनचा, म्हणजे कार्बनचा अणूइतका पातळ, पापुद्रा लागे. तो ट्रेमधल्या पाण्यावर सायीसारखा तरंगायचा आणि खालून अलगद उचलावा लागायचा. जरा वारा लागला की सुरकुती पडली आणि आठवड्याची मेहनत मातीत गेली म्हणून समजा.

म्हणून त्या वेळी पंखा बंद, एक्झॉस्ट बंद आणि दारावर लाल दिवा. दिवा असताना दार उघडायची कुणाची टाप नव्हती. एकदा साहेब आत शिरले, तर दिरानं त्यांचीही भीडभाड ठेवली नव्हती. खोलीत नायट्रोजनची नळी आहे, एक्झॉस्ट बंद करू नये, असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. नायट्रोजनला ना वास, ना रंग. नळी गळली तरी नाकाला पत्ता लागत नाही, आणि बंद खोलीतला प्राणवायू हटून माणूस गुपचूप बेशुद्ध पडतो. पण आजवर कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता, मग भिंती वाचतो कोण? शिकलेली माणसं अशीच असतात.

त्या दुपारी वहिनी डबा घेऊन आली, तर लाल दिवा लागलेला. दाराच्या काचेतून दीर पाठमोरा दिसत होता, टेबलावर रेलून ट्रेवर वाकलेला. पाठ जराही हलत नव्हती. हलेल कशी? पापुद्रा उचलताना सगळेच श्वास रोखून धरायचे. ‘आज मध्येच दार उघडलंत, तर जन्मात बोलणार नाही,’ असं त्यानं सकाळीच बजावलं होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

स्टोअरकीपर जाता जाता थांबला. “काय वहिनी, दिराला पहारा?”

“समाधी लागलीय त्यांची,” ती हसली.

त्यानंही काचेतून डोकावून पाहिलं. “हात कशाला बुडवलाय हो पाण्यात?”

तिनं पुन्हा पाहिलं. दिराचा हात मनगटापर्यंत ट्रेमध्ये होता. त्या पाण्याला तो कुणाला बोटही लावू देत नसे.

“भाऊजी!” ती ओरडली आणि दार ढकलून आत धावणार, तोच स्टोअरकीपरनं तिला दंडाला धरून मागं ओढलं. “तुम्हीही पडाल!” त्यानं बाहेरचं बटण दाबून एक्झॉस्ट सुरू केला. दार सताड उघडं टाकून ते थांबले. मग दोघांनी मिळून त्याला बाहेर ओढलं. ओठ निळे पडले होते.

दवाखान्यात सासूबाई बाकावर बसून होत्या. डॉक्टर अजून आतच होते. वहिनी जवळ जाताच त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

“तू तिथंच होतीस ना गं?”

“हो, आई.”

“मग दार का नाही उघडलंस?”

उत्तर खरं होतं, आणि जिभेवर तयारही होतं. सुरकुती पडली असती, आई. सासूबाईंच्या तोंडाकडे बघून ते तिच्यानं बोलवेना.