दीड रव्याची आक्का

आक्का सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिच्या कागलच्या सासूनं आईला निरोप धाडला होता, "पोरगी देताना काडी दिलीसा. आता परत धाडताना तरी बाई धाडा."

आई दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डिंकाचे लाडू वळायला घेतले, ते काही थांबवले नाहीत.

मी तेव्हा शाहूपुरीत एका अडत दुकानात गूळ तोलायला होतो. गुळाची तीस किलोची ढेप म्हणजे एक रवा. दुपारी दुकान रिकामं असलं की मी आक्काला काट्यावर उभी करायचो. पहिल्या दिवशी ती पंचेचाळीस किलो भरली.

"दीड रवा!" मी हमालांना ओरडून सांगितलं. "माल पोटासकट हाय."

"मुडद्या, लाज हाय का काय?" म्हणत आक्का हसत सुटली. ती हसली की काटा हलायचा, मग पुन्हा मोजावं लागायचं.

दर सोमवारी हे चालायचं. घरी आलो की चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं तारीख आणि आकडा लिहायचो. अर्धा किलो वाढली, पाव किलो वाढली, पुन्हा अर्धा. आई आकडा ऐकून तुपाचा चमचा बदलायची. आठवा महिना निम्मा झाला तेव्हा आक्का अठ्ठेचाळीस होती. म्हणजे सासूच्या नजरेत अजून काडीच.

आणि एका सोमवारी ती एकदम साडेतीन किलो वाढली.

मी काटा दोनदा तपासला. काटा बरोबर होता. पुढच्या सोमवारी आणखी चार. मी मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत पेढे वाटले. पोर जन्मायच्या आधी पेढे वाटणारं बहुतेक आमचंच पहिलं घर. शेजारची तानाबाई आक्काचा गोल चेहरा चाचपून म्हणाली, "बाळसं पोराला येतंय म्हनत्यात. हितं आईलाच आलंय की!"

जोडवी बोटांत रुतली, ती मी पकडीनं तोडून काढली. दोन दिवस आक्काचं डोकं ठणकत होतं.

"डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात रं जोत्या."

"फुकटची दिवाळी हाय आक्का, बघून घे."

ती हसली, पण डोकं दोन्ही हातांनी धरून.

"दवाखान्यात दाखवूया का?" मी आईला विचारलं.

"एवढ्या भरल्या अंगाच्या बाईला दवाखान्यात कोन नेतंय? दिष्ट लागलीया तिला."

आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मलाही पटलं. आकडे आमच्या बाजूनं होते.

गुरुवारी दुपारी भाकरी थापता थापता आक्का आडवी झाली आणि तिचे हातपाय झटके द्यायला लागले. दुकानाच्या टेम्पोत घालून तिला दवाखान्यात नेलं. दिवस मावळेपर्यंत पोरगी जन्मली आणि आक्का गेली.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी कागद पुढं ओढला.

"अंगावर सूज कधीपासून होती?"

"सूज न्हवती. वजन वाढलं हुतं." मी तारखा सांगितल्या, आकडे सांगितले. एकही चुकला नाही.

त्या लिहायच्या थांबल्या. "हे खाण्यानं वाढलेलं वजन नव्हे. अंगात पाणी साठत होतं, रक्तदाब चढला होता. आठवड्यात एवढं वजन वाढलं तर त्याच दिवशी आणायचं असतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "इतकं नेमानं मोजत होतास. कुणालाच दाखवलं नाहीस?"

"दाखवलं की. सगळ्या गल्लीला दाखवलं."

त्यांना वाटलं मी उद्धटपणा करतोय. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं.

व्हरांड्यात आई फरशीवर बसली होती. पदरात गुंडाळलेली पोरगी मुठीएवढ्या तोंडानं जांभई देत होती.

"काय म्हनल्या बाई?" आईनं विचारलं. "आपलं काय चुकलं का रं?"

मी तिच्याशेजारी बसलो.

"न्हाय. कुनाच्याच हातात न्हवतं म्हनल्या."

आई बराच वेळ मान हलवत राहिली. "खात हुती की रं पोर. ताटात वाढलेलं कधी न्हाय म्हनली न्हाय."

"व्हय," मी म्हटलं. "चांगली खात हुती."