चौथी कात

“सर, जमीनसुद्धा रेशमाच्या अळीसारखी कात टाकते का?”

ही पैज माझ्या बाकावरच्या ओबदुलियाची. विचारलं नाही तर आठवडाभर तिचं दप्तर माझ्या पाठीवर! गेल्या वर्षीची मी असते तर मुकाट्याने दप्तर उचललं असतं. यंदाची मी उभी राहिले. वर्ग खो-खो हसला. एर्मिलो सर हसले नाहीत.

“कात नाही टाकत, प्रेसिलियाना. पण समुद्राकडून कोकोस प्लेट, म्हणजे समुद्रतळाचा प्रचंड खडक, आपल्या पायांखाली सरकतेय. मध्येच अडकते, वर्षानुवर्षं गप्प बसते. ताण साठतो आणि एकदम सुटतो. आता तू सांग, कातेआधी अळी डोकं वर करून गप्प बसते, तेव्हा ती मेलेली असते का?”

“छे! आत काम चालूच असतं.”

“मग गप्प म्हणजे संपलं, असं समजू नकोस.”

तीन दिवसांनी दुपारी आम्ही घरचे अंगणात मक्याच्या तोर्तिया खात होतो आणि जमीन उसळली. कौलं धडाधड कोसळली. अर्ध्या मिनिटात सगळं शांत. भिंतीला मात्र हात जाईल एवढी भेग, आणि आत रॅकवर आमच्या अळ्या, अख्ख्या वर्षाचं रेशीम.

आई उठलीच. “थांबलं. ट्रे तेवढे काढते.”

मी दार अडवून उभी राहिले.

“हो बाजूला, प्रेसी!”

“थांबलंय, संपलेलं नाही. सर म्हणाले—”

“तुझे सर येणारेत का माझ्या अळ्या वाचवायला?”

“बाबा, तुम्ही तरी सांगा ना!”

बाबा भेगेकडे बघत पुटपुटले, “दोन मिनिटांचं तर काम आहे…”

आईने मला ढकललं. मी चौकट सोडली नाही.

“आई, सकाळी डोकी वर केली होती ना त्यांनी?”

“सगळ्यांनी. चौथी कात.”

“मग उद्या दुपारपर्यंत एक पान खाणार नाहीत. आणि आता हलवल्या तर कातेतच अडकून मरतील. कोणी शिकवलं मला हे?”

आईचा हात माझ्या खांद्यावरच थबकला.

पायाखालून घरघर आली. मी आईला मिठी मारून अंगणात ओढलं. मागे दारावरची भिंत आत कोसळली.

धूळ बसली तेव्हा खिडकीतून रॅक दिसला. कलला होता, पण उभा होता.

“आता ऐका,” मी म्हणाले. आवाज कापत होता, पण मोठा होता. “उद्या दुपारपर्यंत आत कोणी जाणार नाही. मग खिडकी काढून बाहेरूनच ट्रे ओढायचे. आणि यंदा अळ्या कोष बांधतील त्या शाळेच्या पडवीत. सरांना मी विचारते. ठरलं!”