इस्त्री कुठे आहे?

आपला आवाज चांगला आहे, असं रघुवीररावांचं पहिल्यापासून मत होतं. परदेशातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांचं गाणं नेमकं जेवणाची रांग लागताना ठेवलं जाई, तो त्यांच्या मते आयोजकांचा मत्सर. मग वन-नॉर्थच्या ऑफिसातल्या इंडोनेशियातल्या सुराबायाच्या वुलाननं त्यांना एक डांगडुट, म्हणजे तिकडचं लोकप्रिय नाचगाणं, शिकवलं. ठेका थेट तबल्याचा, शब्द इंडोनेशियन. रघुवीररावांनी ते बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये गाऊन, रेकॉर्ड करून नेटवर टाकलं, आणि इंडोनेशियात ते लाखभर लोकांनी पाहिलं. आपले खरे श्रोते समुद्रापलीकडे होते, हे त्यांना लगेच पटलं.

त्या व्हिडिओत एकच खोट होती. मध्येच कुमुदताई धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आल्या, “अहो, वरचा सूर लागत नाहीये,” म्हणाल्या, ती ओळ गुणगुणून दाखवली आणि निघून गेल्या.

खाली कमेंट्सचा पाऊस पडला होता आणि त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता. इस्त्री. रघुवीररावांनी कुर्ता पाहिला. चुरगळलेला होता खरा.

“किती चोखंदळ लोक आहेत,” ते कुमुदताईंना म्हणाले. “जरा इस्त्री फिरव ना.”

दुसरा व्हिडिओ कडक कुर्त्यात झाला. पुन्हा व्यत्यय नको म्हणून दाराला कडी लावली होती. पाहणारे निम्म्यावर आले आणि कमेंट आली, “इस्त्री माना?” माना म्हणजे मान, यात रघुवीररावांना शंकाच नव्हती. त्यांनी कुमुदताईंकडून कुर्त्याच्या गळपट्टीला खळ घालून घेतली. तिसऱ्या व्हिडिओत तर गरम इस्त्रीच कॅमेऱ्यासमोर उचलून धरली आणि मिश्कील हसले. तो व्हिडिओ मात्र वाऱ्यासारखा पसरला.

सोमवारी वुलाननं त्यांना लिफ्टपाशी गाठलं. तिचा चेहरा उतरला होता.

“मिस्टर रघु, मिसेस बऱ्या आहेत ना?”

“हो. का?”

“लोक विचारतायत, बायको कुठे आहे. आणि तुम्ही गरम इस्त्री दाखवून हसताय.” मग तिनं समजावलं. त्यांच्याकडे इस्त्री म्हणजे बायको, सुआमी म्हणजे नवरा, आणि माना म्हणजे कुठे.

स्त्री आणि स्वामी! शाळेत संस्कृतात पहिले येणारे रघुवीरराव घरी जाताना एलआरटी रेल्वेत खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांच्या गाण्यासाठी कुणीच आलं नव्हतं. कुमुदला इंडोनेशियन येत नाही, तेव्हा तिला सांगायचं कशाला, असंही मनात येऊन गेलं. घर येईपर्यंत त्यांचं गप्प राहायचं ठरलं होतं. पण जेवताना कुमुदताईंनी विचारलं, “उद्या कुठला कुर्ता काढू?” आणि हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

कुमुदताई हसल्या नाहीत.

“म्हणजे लोक मला हाका मारत होते,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही मला दाराबाहेर ठेवून माझ्याकडूनच कुर्ता कडक करून घेत होता.”

“चुकलं माझं.”

“गणपतीत तुम्ही गाता ना, तेव्हा मी पुऱ्या वाढत असते. लग्नाआधी मी गाणं शिकत होते, हे त्या मंडळात एकाला तरी माहीत आहे?”

रघुवीररावांना ते माहीत होतं. फक्त बरीच वर्षं आठवलं नव्हतं.

शनिवारी कुमुदताई कॅमेऱ्यासमोर बसल्या. वरचा सूर पहिल्याच फटक्यात लागला. मागे रघुवीरराव स्वतःच्या कुर्त्याला इस्त्री करत होते, आणि ऐकता ऐकता त्यांनी बाही जाळली. संध्याकाळी दोघं कमेंट्स वाचायला बसले. सगळ्या इस्त्रीच्या. रघुवीरराव आपलं नाव शोधत तळापर्यंत गेले, तेव्हा कुठे एक सापडली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, “सुआमी लुचू.”

सुआमी त्यांना आता कळत होतं. दुसऱ्या शब्दासाठी त्यांनी वुलानला फोन लावायला घेतला.

“तिला कशाला विचारताय?” कुमुदताई म्हणाल्या. “हा तर मराठीच आहे, लुच्चा. लोकांनी बरोबर ओळखलं तुम्हाला.”