अखंड दिव्याची वायर

कंधारला सासऱ्याच्या दारात गाडी लावून हरिओम उतरला तो हातात चाकाचा पाना घेऊनच.

"मामा, राजकन्येला बाहेर काढा."

राजकन्येचे वडील लक्ष्मणराव उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "न्हाई धाडत, जावईबापू. जिवानिशी माराल तिला."

पुढचं बोलायला म्हाताऱ्याचे दात जागेवर राहिले नाहीत. राजकन्येनं बापाला मातीत पडताना बघितलं, तेवढ्यात तिच्याच केसांना हिसका बसला. अख्खी गल्ली खिडक्यांतून बघत होती, पण एक माईचा लाल पुढं येईल तर शपथ! हरिओमनं तिला गाडीच्या मागच्या भागात ढकललं आणि दाराला बाहेरून कडी घातली.

"औशाच्या शेतातली हीर लई खोल हाय," तो दाराबाहेरून ओरडला. "आज तिथंच टाकतो तुला."

हा माणूस बोलला की करायचाच. औसा येईस्तोवर काय ते करायला हवं होतं.

गाडी कसली, फिरतं घरच होतं ते. पलंग, नळ, पंखा, फ्रीज, विजेची शेगडी. माहूर-तुळजापूर करणाऱ्यांना हरिओम ती भाड्यानं द्यायचा. बांधणाऱ्यानं सोयच अशी ठेवली होती, की इंजिन सुरू झालं की मागची लाईट आपोआप बंद. गेल्या दिवाळीत फुटलेलं डोकं घेऊन राजकन्या नांदेडहून अशीच आली होती, मिट्ट अंधारात. पाणी पाणी म्हणून तिनं भिंत बडवली, तर पुढून हा हसला होता. "गाडी चालू असली की पंप चालत न्हाई. गप पड."

यंदा सासूनं, विठाबाईनं, गाडीत घट बसवला. तेलाचा दिवा हेलकाव्यानं सांडायचा म्हणून विजेचा लावला, तर इंजिन सुरू झालं की तोही विझायचा. नवरात्रातला अखंड दिवा विझतो म्हणजे काय! म्हातारीनं घर डोक्यावर घेतलं. सून अंधारात रक्त पुसत होती तेव्हा या बाईला काहीच विझल्यासारखं वाटलं नव्हतं बरं का! मग लातूरच्या मिस्त्रीनं पुढच्या बॅटरीपासून, पंखा-पंप सगळं ज्यावर चालायचं त्या मागच्या बोर्डापर्यंत बारीक वायर सरळ ओढून दिली. फ्यूज नाही, काही नाही, ड्रायव्हरच्या सीटखालून. त्याला चहा देताना राजकन्येनं ऐकलं होतं, "मालक, चालत्या गाडीत हा दिवाच लावायचा. दुसरं काय लावलं तर वायर पेटंल."

गाडी हायवेला लागली. दिवा जळत होता.

"आई, हे पाप माझ्या पदरात घाल," तिनं देवीपुढं हात जोडले आणि पंखा लावला. मग पंप. नळाला धो धो पाणी आलं. ती पोटभर प्याली, तोंडावरचं रक्त धुतलं. मग फ्रीज. मग शेगडी, पार शेवटच्या आकड्यावर.

थोड्या वेळानं पुढून शिवी आली. मग जळक्या रबराचा वास, आणि मग किंकाळी. गाडी वेडीवाकडी होत बाभळीत घुसली आणि दिवा विझला.

आग विझवायचं लाल सिलिंडर मागच्या दाराशीच टांगलेलं होतं. ते काढून तिनं डोक्यावर उचललं. हात घट्ट होते.

कडी सरकली. दारात हरिओम, विजार पेटलेली.

"सिलिंडर दे! लवकर!"

"घे."

पहिला घाव बापाच्या दातांचा होता. दुसरा दिवाळीचा. तिसऱ्याला त्याच्या जबड्याचं हाड वाजलं आणि तो धुळीत कोसळला. मग तिनं पिन ओढून त्याचे पाय विझवले. जाळून मारायचं तिच्या मनात नव्हतं.

समोरून कंधारची एसटी येत होती. तिनं हात वर केला.

"पाणी..." हरिओम रक्त थुंकत विव्हळला. "राजे, घोटभर पाणी दे गं."

ती एसटीच्या पायरीवर चढली आणि मग वळली.

"पंप चालत न्हाई," ती म्हणाली. "गप पड."