हाडं वेचायची सकाळ

सिंगापुरात मेलेल्यालाही कायमची जागा मिळत नाही. पंधरा वर्षांनी कबर उकरतात. मग हाडं जाळायची की लहान जागेत पुन्हा पुरायची, ते घरच्यांनी ठरवायचं. आम्ही रोहेकर, अलिबागकडचे बेने इस्राएल ज्यू. आमच्यात जाळत नाहीत. माझे मिस्टर मोझेस जहाजावर इंजिनिअर होते. त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली, आता त्यांच्या कबरीची पाळी. मेलेले एक दिवस देहासकट उठतील, यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

आमचे चिरंजीव निहार मात्र वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत संशोधन करतात, त्यामुळे त्यांना सगळंच ठाऊक.

"आई, आपल्या जुन्यात जुन्या शास्त्रात कुणी उठतबिठत नाही," हॉकर सेंटरमध्ये कॉफी ढवळत तो म्हणाला. "चांगला असो, वाईट असो, मेला की शेओलमध्ये. खाली, अंधारात, गप्प. उठण्याची कल्पना कितीतरी नंतरची. तीच पुढे ख्रिश्चनांनी घेतली. क्रिमेट करूया ना."

"ती कल्पना आली तेव्हा आपले लोक बापाची हाडं वेचून दगडी पेटीत जपायला लागले. तेही वाचलंस का?"

"वाचलंय. पण मला पटत नाही. हाडं काढायला मी येणार नाही."

कबरीवरची कद्दिशची प्रार्थना मुलानं म्हणायची असते, आणि मला हा एकच.

"तुला खरंच वाटतं, पप्पा उठतील?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ते गेले ते गेले. त्याचा मला अजून राग येतो. पण हाडं माझी नाहीत, निहार. तुझीही नाहीत. उठायचं त्यांना होतं. आपल्याला पटत नाही म्हणून त्यांचं जाळून टाकायचं?"

कॉफी अर्धीच ठेवून तो उठला.

ठरल्या सकाळी चोआ चू कांगच्या कबरस्तानात मी एकटीच गेले. तो आला नसता तर कद्दिश मीच म्हणणार होते. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. कामगारांनी खणायला घेतलं आणि निहार टॅक्सीतून उतरला. माझ्याकडे न बघता पांढऱ्या कापडापाशी बसला आणि वर येणारी हाडं एकेक करून मांडू लागला.

थोड्या वेळानं कामगारांनी माती लोटायला फावडी उचलली.

"वेट लाह," निहार त्यांना थांबवत म्हणाला आणि खड्ड्यात उतरला. गुडघ्यांवर बसून तो हातांनी माती चाळू लागला.

"आई, पप्पांच्या बोटाचं एक पेर राहिलंय. ते सापडेपर्यंत कुणाला बुजवू देऊ नकोस."