कडेने आलेली कातडी

सिस्टरांनी बँडेज सोडलं, जखमेला मोजपट्टी लावली आणि आकडा केसपेपरवर लिहिला. गेल्या आठवड्यात होता तोच. शिंपीकाकांनी विचारलंही नाही. घोट्यावरची ती जखम अकरा महिने भरायचं नाव घेत नव्हती. मलमं बदलून झाली, गोळ्या बदलून झाल्या. ड्रेसिंगच्या खोलीत बावीस वर्षं काढलेल्या सिस्टरांनीही हात टेकले होते.

एका मंगळवारी काका आलेच नाहीत, म्हणून ड्यूटी संपल्यावर सिस्टर त्यांच्या घरी गेल्या. काका खुर्चीत बसले होते, पाय खाली सोडून; पाय सुजून टम्म. सुनेने हळूच सांगितलं, सासूबाई गेल्यापासून ते पलंगावर झोपतच नाहीत. रात्रंदिवस ही खुर्ची. जेवण दोन घास, दुकान बंद, चालणं बंद.

इतके दिवस त्यांनी चार बोटं रुंद जखम पाहिली होती. ती ज्याची होती तो माणूस पाहिलाच नव्हता.

डॉक्टरांशी बोलून त्यांनी सगळं ठरवलं. औषध आणि घट्ट बँडेज होतंच. आता सून काकांबरोबर जेवायला बसणार होती, आणि त्यांनी रोज दुकानापर्यंत चालायचं होतं.

"आणि पायाखाली उशी घेऊन पलंगावर झोपायचं," सिस्टर म्हणाल्या.

काका म्हणाले, "तिची जागा मोकळी दिसते."

"दिसू दे. तुम्ही तुमच्या जागेवर झोपा."

पहिले काही दिवस ते नुसते पडून राहिले. मग झोप लागू लागली, भूक लागू लागली. सहाव्या आठवड्यात सिस्टरांनी बँडेज सोडलं आणि त्यांचा हात थांबला. जखमेच्या कडेने गुलाबी, पातळ कातडी आत सरकली होती. अशा शेकडो कडा त्यांनी पाहिल्या होत्या. पण झोप, घास, चार पावलं, उरात दाबलेलं दुःख, यातलं कोण कोणाशी काय बोललं असेल आणि निरोप घोट्यापर्यंत कसा पोचला असेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

काका वाकून बघत राहिले. सगळा जन्म कापडाला कापड जोडण्यात गेलेला माणूस.

"शिवण कुठे दिसत नाही," ते म्हणाले.

तो पाय सिस्टरांनी थोडा वेळ तसाच हातात धरून ठेवला.