दोन्ही डावे

आनंदरावने वाळू झटकून दोन्ही सिलिंडर ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. मग एक फिरवून पाहिला. पुन्हा सरळ केला. मुठीत मावतील एवढे ते पितळेचे ठोकळे कसेही मांडले तरी वाफेच्या नळीचं तोंड एकाच अंगाला येत होतं.

"काय झालं गा?" भट्टीजवळून बाबूलालने विचारलं. "भोकं पडली का?"

"भोकं नाहीत. दोन्ही डावे आहेत."

"तू एक लाकडी नमुना देल्ला, मी त्याचे दोन ओतून देल्ले. बैलाच्या गळ्यातल्या घंटा का डाव्या-उजव्या रायतात?"

चूक बाबूलालची नव्हती. भंडाऱ्यात त्याच्या तीन पिढ्या भांडी आणि घंटा ओतत आल्या होत्या. शहापूरला आनंदरावच्या घरी छोट्या लाइनच्या रेल्वे इंजिनाची हातभर लांब नक्कल चार वर्षांपासून तयार होत होती. चाकं झाली, बॉयलर झाला. सिलिंडर मात्र नागपूरपर्यंत हिंडूनही कोणी ओतून देईना. एवढ्याशा कामाला कोण हात लावतो? शेवटी बाबूलालच हो म्हणाला होता.

लोको शेडमध्ये अठ्ठावीस वर्षं आनंदराव इंजिनाच्या डाव्या बाजूचा फिटर होता. ज्याला जी बाजू मिळाली ती त्याची, अशी शेडची रीत. आठवणीतून नमुना कोरताना हात डावीच बाजू कोरत गेला, आणि दुसरी बाजू असते हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आता नुसता उलटा कोरूनही भागणार नव्हतं. उजव्या सिलिंडरवर तेलाच्या नळीसाठी एक जादा उंचवटा असे. तो नेमका कुठे, हे त्याला सांगता येईना.

"गुरुवारी शेवटची भट्टी," बाबूलाल म्हणाला. "मंग बंद. स्टीलनं धंदा खाल्ला. नवा नमुना आन, यातलाच एक वितळवून देतो. पन दुसऱ्यांदा वितळलं का पितळ जळते, कमी भरते. पावभर मोड संगं आन."

गिऱ्हाईकाने आपली मोडकी भांडी आणायची, ही तिथली पद्धत. आनंदरावच्या घरचं पितळ तर या दोन डाव्यांतच गेलं होतं.

उजव्या बाजूचा फिटर घनश्याम वरठीला राहायचा. अकरा वर्षांत आनंदराव त्याची पायरी चढला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून तो निघाला.

घनश्याम पडवीतच बसला होता. "काहून गा, रस्ता चुकला का?"

आनंदरावने पिशवीतून सिलिंडर काढून त्याच्यापुढे ठेवले. घनश्यामने चष्मा लावला, दोन्ही उलटेसुलटे केले आणि हसला.

"अठ्ठावीस वर्सं मी तिकडं मरून राहिलो होतो. तुले कधी दिसलोच नाही."

"मधात इंजिन होतं."

घनश्यामने सागाचा तुकडा घेतला आणि कोरायला बसला. उंचवट्याची जागा त्याने मोजली नाही. अंगठा आपोआप तिथे जाऊन टेकला.

त्याची बायको देवकाबाई पाणी घेऊन आली. स्टीलचे दोन सारखे गेलास. आनंदरावची नजर मात्र पडवीच्या खांबाकडे गेली. तिथल्या खिळ्याला पितळेचा गेलास अजून टांगलेला होता, काळा पडलेला. घनश्यामच्या आईने तो आनंदरावसाठी वेगळा ठेवला होता. छप्पन साली आनंदरावच्या घराने बौद्ध धम्म घेतला, तरी गेलास खिळ्यावरच राहिला. आलं की तो काढायचा, पाणी प्यायचं, विसळून पुन्हा टांगायचा. एके दिवशी त्याने तो असाच विसळून टांगला आणि परत आला नाही. पुढची सहा वर्षं दोघे एकाच इंजिनावर काम करत राहिले. घनश्यामने कारण विचारलं नाही.

"तो गेलास कोनाचा आहे?"

घनश्यामच्या हातातला चाकू थांबला. देवकाबाई आत निघून गेली.

"तुयाच."

"मंग देऊन टाक. पावभर मोड पाहिजे."

घनश्यामने उठून गेलास काढला, पायरीच्या दगडावर ठेवला आणि हातोडा घेतला. मुशीत जाण्यापुरता चेपायला दोन घाव पुरले असते. तो बराच वेळ मारत राहिला.

गुरुवारी उजवा सिलिंडर निघाला. डाव्यापेक्षा रंगाने किंचित पिवळा, पण भोक एकही नाही.

रविवारी घनश्याम आपली हत्यारं घेऊन शहापूरला आला. पहिल्यांदाच. घर विचारत विचारत यावं लागलं.

"उजवी बाजू तू बसव," आनंदराव म्हणाला. "मले त्या बाजूचं जमत नाही."

इंजिन मधे ठेवून दोघे दोन्हीकडे बसले. पाना इंजिनावरून इकडून तिकडे फिरत राहिला. दुपारपर्यंत सिलिंडरांतले दोन्ही दट्टे हाताने सारखे सरकू लागले. घनश्यामने कपाळाचा घाम पुसला आणि आत आवाज दिला.

"वहिनी, पानी आना."

आनंदरावची बायको तुळसा दारात आली. "इंजिनात टाकाले?"

"त्याले मंग. आधी मले."

तुळसाने मांडणीवरचा हाताला आला तो गेलास उचलला.